वीस वर्षांची मारुती ८०० : ठेवावी की काढावी?

प्रश्न : आमची मारुती ८०० वडिलांनी २००५ साली सुरतेत नवी घेतली. आज मीटरवर २ लाख ८७ हजार किलोमीटर आहेत. घर कतारगामात. मूळ गाव साक्री तालुक्यात, तिकडे वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात. एरवी गाडी डभोली, वेड रोड, गजेरा सर्कल एवढ्यातच फिरते. २००६ च्या पुरात ती सीटपर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिन उघडून साफ करून घेतले. पुढे सीएनजी किट बसवले. हल्ली पिकअप कमी झाला आहे. वडील म्हणतात, ही गाडी पाच लाख किलोमीटर सहज करेल. भाऊ म्हणतो, भंगारात द्या. मेकॅनिक म्हणतो, फुल इंजिन काम करा, नवी होईल. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक वाचक, कतारगाम, सुरत

उत्तर : वडील आणि मेकॅनिक दोघेही इंजिनाकडे बघून बोलत आहेत. सुरतेसारख्या शहरात जुन्या गाडीचा निकाल इंजिनावर लागत नाही, पत्र्यावर लागतो. इंजिन उघडता येते, बोअर करता येते, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलता येतात. तेही जमले नाही तर दुसरे इंजिन बसवता येते. पण मारुती ८०० ला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, पुढच्या चाकांवरचे कोनाडे मिळूनच तिचा सांगाडा होतो. तो गंजला की वरचे इंजिन कितीही चांगले असले तरी गाडी संपली.

पाच लाख किलोमीटर हा आकडा अशक्य मुळीच नाही. अमेरिकेतले विज्ञानशिक्षक आयर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली व्होल्वो १८०० एस घेतली आणि २०१३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच गाडीत ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. त्यांनी इंजिन पहिल्यांदा उघडले ते ६ लाख ८० हजार मैलांनंतर. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर पळाली. २००४ साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयात ठेवली. त्या टॅक्सीचे इंजिन अनेकदा बदलले होते. एकाने इंजिन जपले, दुसऱ्याने बदलले, पण सांगाडा दोघांचाही शाबूत राहिला.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईच्या खाऱ्या हवेत, खड्ड्यांतून, गर्दीतून रोज पळाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे म्हणून ती उतरली. इंजिन बसले म्हणून नव्हे. ती इतकी टिकली कारण गल्लोगल्ली तिचे मेकॅनिक होते, सुटे भाग स्वस्त होते आणि गाडी बंद म्हणजे कमाई बंद, त्यामुळे काम कोणी लांबणीवर टाकत नसे.

सुटे भाग आणि मेकॅनिक या दोन्ही बाबतींत तुमची गाडी नशीबवान आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत २५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे भाग आजही मिळतात. सुरतेत मात्र १ एप्रिल २०१० पासून नवी ८०० विकली गेली नाही. त्या दिवशी देशातल्या निवडक मोठ्या शहरांत बीएस-४ नियम लागू झाला. मुंबई, पुणे, सोलापूर, अहमदाबाद यांच्यासोबत सुरतही त्या यादीत होते आणि ८०० त्या नियमात बसवलेली नव्हती. म्हणजे सुरतेत नवी घेतलेली प्रत्येक ८०० आता पंधरा वर्षांच्या पुढची आहे. तुमच्या भागातल्या जुन्या मेकॅनिकचा हात या गाडीवर बसलेला असणार.

आधी पत्रा तपासा

कतारगामला पाणी तिन्ही बाजूंनी गाठते. सिंगणपोरच्या वियर-कॉजवेच्या वरच्या अंगाला तापीचे गोडे पाणी अडवलेले असते आणि खालच्या अंगाला भरतीचे खारे पाणी येते. हवेत दमटपणा वर्षभर. त्यात तुमच्या गाडीने २००६ चा पूर पाहिला आहे. पुराचे पाणी ओसरते, पण पोकळ पट्ट्यांत शिरलेला बारीक गाळ तिथेच राहतो आणि ओल धरून ठेवतो. इंजिन तेव्हाच साफ झाले. या पट्ट्या कोणी धुतल्या होत्या का, हे वडिलांना विचारा.

गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर घ्या. नुसत्या जॅकवर चढवलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मग जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दारांखालची पट्टी पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि आतून गंजाची भुकटी सांडल्याचे ऐकू येते. तिथे टोक दाबून बघा; आत गेले तर पत्रा संपला आहे. नंतर मॅट आणि गालिचा पूर्ण उचलून फरशी बघा, सीट जिथे बोल्टने बसते ती जागा बघा, सीट बेल्टचा खालचा बोल्ट बघा. बॉनेट उघडून पुढच्या शॉकॲब्जॉर्बरचे वरचे टोक जिथे बसते त्या गोल जागेभोवती तडा किंवा फुगवटा आहे का ते पाहा. मागच्या ॲक्सलच्या माउंटिंगजवळचा पत्राही पाहा.

दारांच्या कडा, डिकीचे झाकण, मडगार्ड एवढेच गंजले असेल तर डेंटिंगवाला ते करून देईल. पण शॉकॲब्जॉर्बरची जागा, ॲक्सलचे माउंटिंग किंवा सीट बेल्टचा बोल्ट यांच्याभोवती पत्रा कुजला असेल तर वरून तुकडा जोडून, पुट्टी भरून, रंग मारून गाडी सजेल. अपघातात ती कोणालाही वाचवणार नाही. तसे निघाले तर भावाचे ऐका.

पत्रा चांगला निघाला तर दारांच्या खालच्या कडेची बारीक भोके तारेने मोकळी करा, म्हणजे आत पाणी साचणार नाही. पट्ट्यांच्या आत गंजरोधक मेण किंवा तेल फवारून घ्या. पावसाळा संपला की दरवर्षी तळ गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच अंडरकोटिंग करा. ओल्या पत्र्यावर केलेले कोटिंग गंज झाकते, थांबवत नाही.

फुल इंजिन काम करण्यापूर्वी

पिकअप गेला म्हणजे रिंग-पिस्टन गेले असे धरून चालू नका. तुमची गाडी सीएनजीवर चालते, आणि सीएनजीच्या गाडीत आधी झिजतात ते व्हॉल्व्ह. हा वायू कोरडा असतो, त्याच्या ज्वलनाचा ताप व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटवर जास्त येतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची गॅप कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि दाब गळतो.

म्हणून मेकॅनिकला आधी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. टॅपेट सेट करून, इंजिन गरम असताना, तिन्ही प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजायचा. तिन्ही आकडे एकमेकांजवळ हवेत. एखादा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगांतून गळती आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्हमधून. दुसऱ्या प्रकारात हेड उतरवून व्हॉल्व्ह-सीटचे काम केले की भागते. बोअर, पिस्टन, बेअरिंग यांचा खर्च वाचतो. सगळे आकडे ठीक असतील तर प्लग, एअर फिल्टर, सीएनजीचे ट्यूनिंग आणि क्लच प्लेट बघा.

धूरही बरेच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढुरका थर दिसला तर लगेच घाबरू नका. डभोली ते गजेरा सर्कलसारख्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि आतली वाफ तिथे साठते. एक लांब फेरी करून या. थर गेला तर चिंता नाही. परत आला आणि कूलंटही घटू लागले तर हेड बघावे लागेल.

इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते ती गार इंजिन सुरू होताना आणि पहिल्या काही मिनिटांत. साक्रीची एक सलग फेरी इंजिनाला जितकी सोसते, तितकेच किलोमीटर कारखाने सुटायच्या वेळच्या कतारगामच्या गर्दीत सोसत नाहीत. म्हणून मीटरवरच्या आकड्यापेक्षा तो कसा झाला हे महत्त्वाचे.

पाच लाखांचा रस्ता

पत्रा आणि दाब दोन्ही ठीक निघाले तर वडिलांचे म्हणणे खरे करता येईल. त्यासाठी पुढची कामे बिघाड होण्याची वाट न बघता, ठरल्या किलोमीटरला किंवा ठरल्या महिन्याला करायची. आपल्या एसटीच्या आगारांत गाड्यांची देखभाल याच रीतीने, ठरल्या वेळापत्रकाने होते.

इंजिन ऑइल आणि फिल्टर दर ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे ऑइलात ओलावा आणि इंधन मिसळते, म्हणून गाडी कमी पळाली तरी सहा महिने चुकवू नका. दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी, इंजिन गार असताना डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला आणि मग वाचा. जुन्या गाड्या थोडे ऑइल खातात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पातळी खालच्या खुणेखाली गेली तर बेअरिंग जातात.

टायमिंग बेल्ट. ८०० ला चेन नाही, बेल्ट आहे. पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला तो बदला, आणि किलोमीटर झाले नसले तरी चार-पाच वर्षांनी बदला, कारण रबर वयानेही कडक होते. बेल्ट तुटला की गाडी जागीच बंद पडते. शेवटचा कधी बदलला हे घरात कोणालाच आठवत नसेल तर तो याच आठवड्यात बदला, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही बघून घ्या.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही टाकू नका. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात गाडी तापू लागते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट योग्य प्रमाणात मिसळून घाला आणि दोन वर्षांनी बदला. जुने होज पाइप हाताने दाबून बघा. कडक किंवा भेगाळलेले असतील तर बदला.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. हे द्रव हवेतला ओलावा शोषते. साक्रीहून नवापूर, सोनगडकडे परतताना कोंडाईबारीचा घाट उतरावा लागतो आणि ब्रेक तापतात. ऑइलात पाणी असेल तर ते उकळते, वाफ होते आणि पेडल खाली जाते. घाट खालच्या गिअरात उतरा आणि ब्रेक सतत दाबून धरू नका.

सीएनजीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. वायू सुमारे २०० बार दाबाने भरला जातो, म्हणून ही चाचणी नुसती कागदासाठी करू नका. सिलिंडरच्या पट्ट्यांखाली गंज धरतो, तोही तपासा. टाकीत पेट्रोल निदान पाव भाग ठेवा, कारण आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टर चोंदणार नाहीत.

आणि पुन्हा कधी पाण्यात बुडाली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, गाडी ओढून न्या, ऑइल आणि गिअर ऑइल काढून बघा. दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे.

या सगळ्यासाठी डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काम, भाग आणि खर्च, एवढे पाच रकाने पुरे. लाखो किलोमीटर गेलेल्या गाड्यांच्या मालकांत ही सवय हमखास दिसते. ठेवावी की काढावी याचे उत्तरही पुढे याच वहीत सापडेल.

पैशांचा हिशेब

६ लाखांची नवी गाडी घेतली आणि त्यातले ५ लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्ज काढले तर महिन्याचा हप्ता १०,३८० रुपयांच्या आसपास येतो. पाच वर्षांत सुमारे १ लाख २३ हजार रुपये व्याज जाते. विम्याच्या कोष्टकाप्रमाणे पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्म्यावर येते, म्हणजे आणखी ३ लाख गेले. दोन्ही मिळून वर्षाला सुमारे ८५ हजार रुपये गाडी नुसती बाळगण्याचे. यात पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग काही नाही. तुमच्या वहीतला वर्षाचा दुरुस्तीखर्च याच्या बराच खाली असेल तोवर जुनी गाडी परवडते. जुन्या ८०० चा थर्ड पार्टी विमाही हलका आहे : १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला जून २०२२ च्या दरपत्रकानुसार २,०९४ रुपये, अधिक कर.

एका गोष्टीची किंमत मात्र या हिशेबात मावत नाही. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. शहरातल्या कमी वेगात हे चालून जाते. घरातली लहान मुले, म्हातारी माणसे घेऊन ट्रकच्या रांगांतून रात्री धुळ्याच्या महामार्गावर जायचे असेल तर मी ही गाडी सुचवणार नाही. त्या चार-पाच फेऱ्यांना भाड्याची चांगली गाडी, एसटी किंवा रेल्वे घ्या, आणि ८०० शहरात वापरा. लांब जाणारच असाल तर चांगले टायर, मागेही सीट बेल्ट, दिवसाचा प्रवास आणि आवरता वेग, यात तडजोड नको.

याच विषयावरचे आणखी तीन प्रश्न

प्रश्न : वीस वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी गुजरातेत पुन्हा होते का?

उत्तर : होते. दिल्ली परिसरातली दहा-पंधरा वर्षांची बंदी हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आली. ती गुजरात-महाराष्ट्राला लागू नाही. इथे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी, गाडी तपासून, वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारीला ते १०,००० रुपये झाले. उशीर केल्यास दरमहा ५०० रुपये वेगळे, म्हणून मुदतीआधी अर्ज करा. गाडी काढायचीच ठरली तर नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. त्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते.

प्रश्न : आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या गाडीला त्याचा त्रास होतो का?

उत्तर : इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप, ओ-रिंग, गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा कडक होतात. इंधनाचे सगळे रबरी पाइप एकदा नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे टाकून घ्या. इथेनॉल ओलावा धरते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. गाडीत पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा.

प्रश्न : जुनी गाडी घेताना मीटर मागे फिरवलेले कसे ओळखावे?

उत्तर : मीटर ६० हजार सांगत असेल आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसिंगची जुनी बिले मागा. त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. सुरतेत आणखी एक तपासणी हवी : सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या टोकाला मातकट रेघ दिसली, किंवा डॅशबोर्डमागच्या वायरच्या जोडांवर हिरवा थर दिसला, तर ती गाडी पुरात होती. पूर्ण नोंदी असलेली तीन लाख किलोमीटरची गाडी ही नोंद नसलेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

कतारगामच्या वाचकाला शेवटचे सांगणे : रंगकाम, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम यांवर एक रुपयाही घालण्याआधी पत्रा ठोकून बघा आणि दाब मोजून घ्या. दोन्ही कामे एका दिवसात होतात. पत्रा खणखणीत असेल तर गाडी निर्धास्त ठेवा, वही सुरू करा आणि टायमिंग बेल्टपासून कामाला लागा. पत्रा कुजलेला असेल तर इंजिन कितीही गोड वाजले तरी ती गाडी घरच्यांसाठी रस्त्यावर ठेवू नका.